पोर्शे ९४४ : फ्लायव्हीलजवळचे दोन सेन्सर

१९८० च्या दशकातली पोर्शे ९४४ गरम झाल्यावर अचानक बंद पडते आणि थंड झाली की निमूट सुरू होते, तेव्हा लगेच इंधनपंपावर पैसे घालू नका. स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा जरासाही हलत नसेल, तर संशय फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरवर घ्यावा. (डीएमई, म्हणजे इंजिन-नियंत्रण यंत्रणेचा, रिलेही असाच दगा देतो, तो बदलणे सोपे, म्हणून आधी तो पाहावा.) एक सेन्सर फ्लायव्हीलच्या दात्यांवरून वेग मोजतो, दुसरा एका खुणेवरून क्रँकशाफ्टची स्थिती कळवतो. हे संकेत नसतील तर ठिणगीही नाही, पेट्रोलही नाही.

खरी कसोटी जुने सेन्सर काढताना लागते. जागा इंजिनाच्या मागे, फायरवॉललगत. हात जेमतेम पोहोचतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सेन्सरच्या वायरींचे प्लग इतके ठिसूळ होतात की बोटाच्या दाबाने तुकडे पडतात. सेन्सर ब्रॅकेटमध्ये रुतलेला असतो. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्या, मगच जोर लावा. नवा बसवताना फ्लायव्हीलपासून ०.८ मिमी अंतर राखायचे. दोन्ही प्लग सारखेच दिसतात आणि अदलाबदल झाली तर गाडी सुरूच होत नाही, म्हणून वायरींना आधीच खुणा करा. एकच गेला असला तरी दोन्ही बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.