संगणकाच्या साठवणीची पारख

घरातील जुना संगणक मंदावला की तो टाकून नवा घ्यावा, असे पुष्कळांना वाटते. अनेकदा एवढ्या खर्चाची आवश्यकता नसते. आतील फिरत्या तबकडीची जागा सॉलिड स्टेट ड्राइव्हला, म्हणजेच बोलीभाषेतल्या एसएसडीला दिली, तर तेच यंत्र पुन्हा चपळ होते. परंतु दुकानात गेल्यावर सारख्याच क्षमतेच्या दोन एसएसडींच्या किमतींत बरेच अंतर दिसते. हे अंतर कशाचे आणि त्यासाठी पैसे केव्हा मोजावेत, याचा विचार आज करू.

एसएसडीत फिरणारा भाग नसतो. तिचा पाया म्हणजे फ्लॅश स्मृती. जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ती शोधली आणि तिचा ‘नँड’ हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे आला. तीत सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून मजकूर साठवतात. प्रत्येक वेळी पुसताना व लिहिताना कप्प्याचा निरोधक थर किंचित झिजतो. एका कप्प्यात तीन बिट ठेवायचे तर भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. चार ठेवायचे तर सोळा. पहिल्या प्रकारास टीएलसी व दुसऱ्यास क्यूएलसी म्हणतात. दुसऱ्यात त्याच जागेत अधिक मजकूर मावतो, म्हणून तो स्वस्त. पण पातळ्या जवळजवळ आल्याने लेखन मंदावते आणि आयुष्यही घटते.

एक उदाहरण घेऊ. सॅमसंगच्या ‘८७० इव्हो’ या टीएलसी एसएसडीच्या १ टेराबाइट नगाला ५ वर्षांची हमी व ६०० टेराबाइट लेखनाची मर्यादा आहे. त्याच कंपनीच्या ‘८७० क्यूव्हीओ’ या क्यूएलसी नगाला ३ वर्षे व ३६० टेराबाइट. आता रोज २० गिगाबाइट लिहिणारे कुटुंब धरले, तरी ३६० टेराबाइट संपण्यास सुमारे ४९ वर्षे लागतील! तेव्हा घरगुती ग्राहकाने झिजेची धास्ती घेऊ नये. हमीची वर्षे मात्र अवश्य पाहावीत आणि किमतीतील फरक थोडा असेल तर टीएलसी पसंत करावी. ज्या नगावर लेखनमर्यादा व हमी यांचा स्पष्ट उल्लेख नाही, तो कितीही स्वस्त असला तरी दूर ठेवावा.

वेगाच्या आकड्यांनीही भुलू नये. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते; एनव्हीएमई प्रकार त्याच्या कितीतरी पट. तथापि पत्रव्यवहार, हिशेब, वाचन अशा नित्याच्या कामात तबकडीवरून साटावर येताना जाणवणारा फरक मोठा असतो, पुढचा त्या मानाने अल्प. शिवाय एम.२ हे केवळ आकाराचे व खाचेचे नाव आहे. त्या खाचेत साटा चालते की एनव्हीएमई, हे आपल्या संगणकाच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हमी एसएसडीची असते, तीतील मजकुराची नव्हे. बिघडलेल्या वस्तूच्या जागी दुसरी मिळेल. आईवडिलांची छायाचित्रे किंवा वर्षानुवर्षे लिहिलेले हस्तलिखित मिळणार नाही. तबकडी पुष्कळदा खरखर करून सूचना देते. एसएसडी मुकाट्याने बंद पडू शकते, आणि तीतून पुसलेला मजकूर परत मिळवणे बहुधा अशक्यप्राय असते. वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवल्यास तिच्यातील भारही हळूहळू ओसरतो. म्हणून तिला पेटी न मानता कामाचे मेज मानावे.

सरकारी दप्तरात जावक पत्राची स्थळप्रत ठेवण्याचा जुना शिरस्ता आहे. पत्र पाठवणाऱ्यावर किंवा टपालावर अविश्वास म्हणून तो पडलेला नाही. घरातही तोच पाळावा. अतिवेगवान एसएसडीचा मोह टाळून मध्यम किमतीची, दीर्घ हमीची घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत दुसऱ्या प्रतीसाठी साधी बाह्य तबकडी आणावी. विश्वासार्हता अर्धी दुकानात मिळते; उरलेली अर्धी आपल्या सवयीने मिळवावी लागते.