उत्क्रांतिवाद, सुप्रजननशास्त्र आणि जात
सुप्रजननशास्त्राचा दोष उत्क्रांतिवादाच्या माथी मारणे कितपत न्याय्य आहे? डार्विनने १८५९ मध्ये जीवजाती कशा बदलतात ते सांगितले. संतती कोणी निर्माण करावी, हे सांगितले नाही. ते ठरवू पाहणाऱ्या शास्त्राला १८८३ मध्ये नाव दिले ते त्याचा नातलग गाल्टन याने. डार्विनच्या लेखी 'योग्य' म्हणजे त्या त्या परिस्थितीत तगून संतती मागे ठेवणारा, श्रेष्ठ नव्हे. तथापि १८७१ च्या ग्रंथात दुर्बलांच्या संततीविषयी त्यानेही चिंता व्यक्त केली, हे लपविण्याचे कारण नाही.

आपल्याकडे या शास्त्राचा टेकू जातिव्यवस्थेस देण्यात आला. लाहोरच्या न झालेल्या भाषणात, म्हणजे १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात, बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. त्यांचा युक्तिवाद मार्मिक आहे. जात परजातीशी विवाह निषिद्ध करते. परंतु स्वजातीत कोणी कोणाशी विवाह करावा, हे निवडण्याची रीत तिच्यापाशी नाही. शिवाय रक्तच राखावयाचे तर सहभोजनास बंदी कशासाठी? अन्नाने का रक्त मिसळते!

वासेट्ठसुत्तात तथागतांनी तृण, कीटक, पक्षी यांच्या ठायी जातिपरत्वे भिन्न लक्षणे दाखवून मनुष्यांत तशी ती नाहीत, असे सांगितले आहे. हाच उत्क्रांतिवाद, असे ठरविण्याचा काही लेखकांचा उत्साह मात्र अनाठायी होय. जीवजाती बदलतात, असे त्या सुत्तात कोठेही म्हटलेले नाही.