लायसन बंदुकीचं, डुकराचं नव्हे

पांढरकवडा, मारेगाव, घाटंजी, राळेगाव, यवतमाळ जिल्ह्यातला कोणताही तालुका घ्या. रब्बीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर थोडा वेळ बसलं, की हरभऱ्यात रोही शिरले, तुरीत डुकरं लोळली, हे कानावर येतं. मग कोणीतरी छातीठोकपणे उपाय सांगतो : ‘काही नाही भाऊ, पीकसंरक्षणाचं लायसन काढा, एक छोटी बोल्टची रायफल घ्या. स्वस्तात पडते, जन्मभर टिकते. मग डुक्कर दिसलं की काढा बार.’

या सल्ल्यातलं ‘जन्मभर टिकते’ एवढंच खरं आहे. बोल्टच्या रायफलीत हलणारे भाग मोजके. हाताने बोल्ट मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर, नवं आत, बोल्ट बंद. नीट ठेवली तर तीन पिढ्या चालते. बाकीचा सल्ला नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता. पण तो ऐकणारा माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊ शकतो आणि सांगणारा तेव्हा टपरीवर दुसरा चहा पीत असतो.

मूळ घोळ असा, की लोक दोन वेगवेगळे कायदे एकच समजतात. बंदूक जवळ बाळगायची की नाही, हे शस्त्र अधिनियम, १९५९ ठरवतो. तो परवाना यवतमाळसारख्या जिल्ह्यात जिल्हाधिकारी देतात, पोलिसांचा अहवाल मागवून. रानातलं जनावर मारायचं की नाही, हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ठरवतो. ती परवानगी वनखात्याची. पहिला कागद हाती आला म्हणून दुसरा आपोआप येत नाही. बंदुकीच्या परवान्यावर ‘पीकसंरक्षण’ असं लिहिलेलं असलं, तरी तो बंदुकीचाच परवाना. त्याच्या जोरावर डुक्कर पाडलं, तर ती बेकायदा शिकार.

‘पाडलं तर ना, नुसतं भेवाडलं तर?’ हाही प्रश्न ठरलेला. वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. मारणं, विष घालणं, सापळा लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं हे सगळं तिच्यात येतं आणि यांतला प्रत्येक प्रयत्नही येतो. म्हणजे डुकरावर नेम धरून बार काढला आणि तो हुकला, तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच. आणि हे दोन कायदे एकमेकांना जिथे खरोखर भेटतात, ती जागा तर कोणी सांगतच नाही. वन्यजीव कायद्याखाली दोषी ठरलेल्या माणसाचा बंदुकीचा परवाना रद्द करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं आणि पुढची पाच वर्षं त्याला नवा परवाना मिळण्यास अपात्र ठरवू शकतं. कलम ५१ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. जन्मभराची रायफल अशी एका रात्रीत जाते.

मग परवानगी मिळतच नाही का? मिळते, आणि हेही लोकांना ठाऊक नसतं. कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक ठरलेल्या जनावराची शिकार करण्याची परवानगी कारणं नोंदवून, लेखी देऊ शकतो. ‘मालमत्ता’ या शब्दात उभं पीक येतं, हे कायद्यातच नमूद आहे. ही सोय पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना लागू नाही. रानडुक्कर आणि रोही पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली आणि हे दोन्ही दुसरीत गेले. म्हणजे दार उघडं आहे, पण ते वनपरिक्षेत्र कार्यालयात आहे, शस्त्रांच्या दुकानात नाही. ‘लेखी’ या शब्दावर बोट ठेवून वाचा. ‘साहेब म्हणाले होते, पाहून घ्या’ हा कागद नव्हे.

इथे हटकून अवनीचं नाव निघतं. ‘वाघीण मारायला बाहेरून माणूस आणला, आमच्या डुकरालाच कायदा आडवा येतो!’ राग समजू शकतो, वस्तुस्थिती उलटी आहे. अवनीवर, म्हणजे टी-१ वाघिणीवर, पांढरकवडा-राळेगाव भागातल्या तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका होता. तिच्याविषयीचा आदेश आधी बेशुद्ध करून पकडण्याचा होता आणि ते जमलंच नाही तर गोळी घालण्याचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. एवढं सगळं होऊनही राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने नियम मोडल्याचे ताशेरे ओढले, त्यांत शस्त्र कायद्याचं उल्लंघनही होतं. डुकरासाठीची वाट याच्या तुलनेत कितीतरी सोपी आहे.

अंगावर आलेल्या जनावराची गोष्ट वेगळी. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारलं गेलं, तर तो गुन्हा नाही. मात्र त्या वेळी तो माणूस स्वतःच कायदा मोडत असेल, तर ही सूट मिळत नाही. शिवाय सूट जिवासाठी आहे, पिकासाठी नाही. तूर अंगावर धावून येत नाही. आणि परवानगीने मारलेलं असो की स्वसंरक्षणात, मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता असते. गावात वाटे घालणारा आणि वाटा घेणारा, दोघेही अडकतात.

आता त्या ‘छोट्या स्वस्त रायफली’कडे वळू. पिकासाठी परवाना द्यायचा तो कशाचा, हे शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये सांगितलं आहे : ठासणीची बंदूक, आपल्याकडची भरमार. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर. रायफलीचं नाव तिथे नाही. रायफलीसाठी अर्ज करायला बंदी नाही, पण ‘योग्य कारण’ आहे हे अधिकाऱ्याला पटवावं लागतं. पिकाचं कारण पुढे केलं, की तो सरळ विचारणार, मग बारा बोअर का नको?

कायद्याने ही अट उगीच घातलेली नाही. रायफलीच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात, त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि दूर जाते. बंदुकीचे छर्रे पसरतात, लवकर दम सोडतात आणि पन्नास पावलांच्या पलीकडे त्यांच्याकडून फारशी अपेक्षा नसते. उलट .२२ बोअरची रायफल, जिला लोक ‘पोरांची’ म्हणतात, तिची गोळी वर करून झाडली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. मोठ्या बोअरची गोळी काही किलोमीटर जाते. आता रात्रीचं शिवार डोळ्यांसमोर आणा. तुमच्या तुरीपलीकडे शेजाऱ्याचा हरभरा, त्याच्या मचाणावर त्याचा मुलगा जागलीला, त्याच्यापलीकडे तांडा. बॅटरीच्या उजेडात डुकराचे डोळे चमकतात, डुकरामागे काय आहे ते दिसत नाही. दगडावर आपटलेली गोळी उसळून कुठे जाईल, हे तर झाडणाऱ्यालाही सांगता येत नाही. बोअर लहान म्हणजे धोका लहान, हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत जीवघेणा गैरसमज आहे. यात केवळ परवाना जात नाही, माणूस जातो.

‘स्वस्त देशी रायफल’ म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बहुधा .३१५ बोअरची, इशापूरच्या कारखान्याची. कारखाना बंगालमधला, सरकारी. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा तो कानपूरच्या कंपनीकडे गेला. नावात ‘स्पोर्टिंग’ असल्याने लोकांना ती हलकीफुलकी वाटते. प्रत्यक्षात हे काडतूस एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रियन सैन्याच्या मॅनलिकर रायफलीच्या आठ मिलिमीटर काडतुसावरून आलेलं आहे आणि रायफलीची यंत्रणा ली-एनफिल्ड घराण्यातली. इंग्रजांना नागरिकांच्या हाती सैन्याचं काडतूस चालणारी रायफल नको होती, म्हणून हे वेगळं बोअर इथे रुजलं. ती अट आजही आहे. ‘फौजेत थ्री नॉट थ्री चालवली, तीच घेतो’ म्हणणाऱ्या माजी सैनिकांनी लक्षात घ्यावं, की .३०३ आणि ७.६२ ही बोअरं, त्यांची काडतुसं चालतील अशा बोल्टच्या रायफलींसकट, निषिद्ध वर्गात मोडतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळत नाही.

टिपेश्वर आणि पैनगंगा ही दोन अभयारण्यं या जिल्ह्यात असल्याने आणखी एक कलम इथे फार महत्त्वाचं आहे आणि ते क्वचितच कोणी वाचलेलं असतं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्या पट्ट्यात ज्यांच्याकडे आधीपासून परवाना होता, त्यांनाही वनखात्याकडे नोंदणी करावी लागते. टिपेश्वरभोवतीच्या गावांत ‘कलेक्टर ऑफिसातून फाइल हलत नाही’ अशी तक्रार ऐकली, की आधी गाव आणि अभयारण्याची हद्द यांच्यातलं अंतर विचारावं.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण ऐकून ऐकून कंटाळा आला आहे, म्हणून एकेका ओळीत उरकतो.

छर्ऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नाही, हे अर्धसत्य. बोअर .१७७ पेक्षा मोठं असेल किंवा ताकद वीस जूलपेक्षा जास्त असेल, तर लागतो. आणि परवाना न लागणाऱ्या एअरगननेही रोही मारला, तर शिकार ती शिकारच.

बाप झोपला म्हणून मुलाने बंदूक घेऊन जागलीला जाणं चालत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही.

मोडक्या बंदुकीला परवाना लागतो. दुरुस्त करूनही झाडता येणार नाही इतकी ती निकामी असेल, तरच सूट. बोल्ट काढून वेगळा कुलपात ठेवणं मुलाबाळांच्या घरात शहाणपणाचं आहे, पण त्याने परवान्याची गरज संपत नाही.

लग्नात हवेत बार काढणं हौस नाही, गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत.

खोळीत घालून भिंतीला टांगलेली रायफल सुरक्षित असते, हा समज पावसाळ्यात उघडा पडतो. कापड आणि चामडं ओल धरतं, गंज आतूनच चढतो. रायफल कोरडी करून, तेलाचा हलका हात देऊन, खोळीबाहेर पण कुलपात ठेवावी.

बंदूक नसेल तर कुंपणात थेट वीज सोडावी, हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. त्या तारेला वाघही मरतो आणि सकाळी पाणी द्यायला आलेला गडीही. सौर झटका यंत्र वेगळं, ते क्षणभराचे ठोके देतं आणि डुकराला परत फिरवतं. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदत मिळते.

निवडणुकीत बंदूक जमा केली म्हणजे परवाना रद्द झाला, असं नाही. कोणाची जमा करायची ते समिती पाहते आणि निकालानंतर ती परत मिळते. पावती तेवढी सांभाळावी.

शेवटी वारसा, कारण दीर्घकाळच्या मालकीत खरी गफलत इथे होते. आजोबांची रायफल नातवाकडे शेतीच्या सातबाऱ्यासारखी येत नाही. परवानाधारक वारला की बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाने स्वतःचा अर्ज करायचा आणि त्याचं वय एकवीस पूर्ण असायला हवं. आजोबा हयात असतानाही हे करता येतं. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे धारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून तो वारसाचं नाव सुचवू शकतो. एका माणसाकडे पूर्वी तीन शस्त्रं चालत, २०१९ नंतर दोन, आणि वारशाने आलेली त्याच दोनांत मोजायची. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. ती संपल्यावर कपाटातली रायफल बेकायदा ठरते, मग तिने पंचवीस वर्षांत एकही गोळी झाडलेली नसली तरी. तेव्हा घरात अशी जुनी रायफल असेल, तर आधी परवान्यावरची तारीख वाचा, मग त्यावरचं नाव आणि क्रमांक रायफलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर तेल-फडकं बाजूला ठेवून थेट जिल्हाधिकारी कार्यालयाची शस्त्र शाखा गाठा.