पायाची जखम रक्तात दिसते का?

‘तीन महिन्यांची शुगर सातच्या आत आहे, मग पायाला काय होणार?’ मधुमेहींमध्ये ही समजूत भलतीच पक्की आहे. एचबीएवनसीचा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देतो. नसा मात्र वर्षानुवर्षे बिघडत आलेल्या असतात, आणि गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. म्हणून रिपोर्ट उत्तम नि पाय बधिर, असे रुग्ण सर्रास भेटतात. चप्पल पायातून निसटली तरी कळलं नाही, ही तक्रार रिपोर्टपेक्षा बोलकी.

शिवाय तो आकडाही फसवू शकतो. लोहाच्या कमतरतेत तो फुगतो; सिकलसेलच्या रुग्णात, तांबड्या पेशी लवकर मरत असल्याने, खोटा कमी दिसतो. सिकलसेल पुष्कळ आढळणाऱ्या विदर्भात हे विसरून चालत नाही.

दुसरा गैरसमज: शरीरातला दाह दाखवणाऱ्या सीआरपी, ईएसआर या रक्ततपासण्या नॉर्मल म्हणजे जंतुसंसर्ग नाही. संसर्गाचं निदान मुळात डोळ्यांनी आणि हातांनी होतं: लाली, सूज, ऊब, दुखणं, पू. पाय बधिर असेल तर दुखणंही गायब. ही लक्षणं दिसत असताना रक्ताचा आकडा नॉर्मल आला, म्हणून स्वस्थ बसता येत नाही. खोल जखम असताना ईएसआर ७०च्या वर गेला, तर मात्र हाडापर्यंत संसर्ग पोहोचल्याची शंका घ्यावी लागते. तिथे ही स्वस्त तपासणी खरोखर कामाला येते.

रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आलं की प्रोटीन पावडरचा डबा घरात येतो. पण शरीरातल्या दाहानेही अल्ब्युमिन घसरतं, आणि मूत्रपिंडातून गळतीही होते. आधी कारण शोधायला हवं.

जखमेच्या स्रावात ऊतींचा जाळीदार आधार तोडणारं एमएमपी-९ नावाचं विकर जास्त सापडलं, तर जखम रेंगाळण्याची शक्यता वाढते. रक्तातल्या अमिनो आम्लांचे आणि मेदांचे ठसेही संशोधक तपासत आहेत. हे सारं आशादायक, पण रोजच्या उपचारात अजून आलेलं नाही. ‘जखम होणार का’ हे सांगणारी रक्ततपासणी आज बाजारात कुणी विकत असेल, तर पैसे राखून ठेवावेत.

वेल्लोरमध्ये कुष्ठरुग्णांवर काम करताना शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांना दिसलं होतं, की बधिर पायाला जखमा होतात त्या ‘नासक्या मांसा’मुळे नव्हे, एकाच जागी वारंवार येणाऱ्या दाबामुळे. मधुमेही पायाचंही तेच. दाब काढणारं प्लास्टर तिथे जे काम करतं, ते निव्वळ साखर उतरवून होत नाही.

भरलेली जखम वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांत पुन्हा उघडते. त्यांचे पाय दर एक ते तीन महिन्यांनी तपासावे लागतात.