कफ परेडची सासू, नोएडाची सून

मनीषा सिंग नावाची नोएडाची मुलगी लग्न होऊन मुंबईत कफ परेडला येते आणि सासूच्या पहिल्याच तपासणीत तिचं नाव नापास होतं. मनीषा? फारच मिडल क्लास! सासूबाई ‘म’ला ओकार लावतात आणि सून ‘मोनिशा’ होते. ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची रीत मराठी घरांना काही नवी नाही. पण तिथे पत्रिका, रास, नवऱ्याच्या नावाशी जुळणारं अक्षर असं काहीतरी कारण पुढे केलं जातं. माया साराभाईला असल्या सबबी लागत नाहीत. आपल्या दिवाणखान्यात ते नाव शोभत नाही, एवढं तिला पुरतं.

‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ स्टार वनवर नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाली. वाहिनीही त्याच महिन्यात जन्माला आलेली. लेखन आतिश कपाडिया यांचं, दिग्दर्शन देवेन भोजानी यांचं, आणि निर्मिती कपाडिया व जे. डी. मजेठिया यांच्या ‘हॅट्स ऑफ’ची. याच मंडळींनी २००२ मध्ये स्टार प्लसवर ‘खिचडी’ आणली होती. आठवड्याला एक भाग या संथ चालीने साराभाई कुटुंब दीडेक वर्ष टिकलं. सत्तरच्या आसपास भाग झाले आणि २००६ मध्ये मालिकेने गाशा गुंडाळला. आज घरोघरी जिचे संवाद पाठ आहेत ती मालिका पहिल्या प्रक्षेपणात टीआरपीच्या हिशेबात पडेलच ठरली होती, हे नव्या प्रेक्षकाला सांगूनही पटत नाही.

तेव्हाचा बाजार आठवला की त्यात फार नवल वाटत नाही. स्टार समूहाचीच थोरली वाहिनी तुलसी आणि पार्वती या मालिकांतल्या सुनांच्या जिवावर चालत होती. झोपेतून उठतानाही भरजरी साडी, एका वाक्यावर तीन-तीनदा चेहऱ्यावर झेपावणारा कॅमेरा आणि मागे विजांचा कडकडाट! सासू-सुनेवर हसायचं असतं, ही कल्पना या धंद्याने बाजूला टाकली होती. वास्तविक नव्वदच्या दशकात ‘तू तू मैं मैं’ने तो धडा छान गिरवून दाखवला होता. रीमा लागू सासू, सुप्रिया पिळगांवकर सून आणि दिग्दर्शनाला सचिन पिळगांवकर, म्हणजे सगळा मराठी मामला. पण तिथलं भांडण घरात शब्द कोणाचा चालणार याचं होतं. साराभाईंच्या घरात तो प्रश्नच नाही. शब्द मायाचाच चालतो आणि तो मोडून कसं जगायचं हे बाकीचे आपापल्या परीने शोधत असतात.

मालिकेची खरी कमाल पैशाच्या हिशेबात आहे. मोनिशा गरीब नाही. नवरा साहिल कॉस्मेटिक सर्जन, राहणं सासूच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये. तिला कशाची म्हणून ददात नाही. तरीही सेल लागला की तिचा जीव वरखाली होतो, एकावर एक फुकट दिसलं की दुसरंच आधी पिशवीत जातं आणि भाजीवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय तिला खरेदी झाल्यासारखं वाटत नाही. मिडल क्लास ही बँकेतल्या शिलकेवर ठरणारी गोष्ट नसून हाताला लागलेली सवय आहे, हे कपाडियांनी नेमकं हेरलं. मुंबईकराला तर यातला भूगोलही कळतो. उपनगरातला माणूस दक्षिण मुंबईला ‘टाउन’ म्हणतो, ते नुसतं अंतर मोजण्यासाठी नव्हे.

म्हणून डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये बसून ही मालिका पाहणाऱ्याची पंचाईत व्हायची. गादीखाली प्लास्टिकच्या पिशव्यांच्या घड्या, श्रीखंडाच्या डब्यात मुगाची डाळ, रद्दीवाल्यासाठी धुऊन ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या: हा सगळा संसार मोनिशाच्या पक्षाचा. पण पाहुणे येणार म्हटल्यावर काचेच्या कपाटातला ठेवणीतला टी-सेट बाहेर निघायचा, मुलांना ‘नीट बोला’ अशी तंबी मिळायची, तेव्हा त्याच घरात माया संचारायची. हसायचं कोणाच्या बाजूने, हे काही केल्या ठरत नसे.

रत्ना पाठक शाह यांनी माया कशी बोलते हे जे ठरवलं, त्यावर निम्मी मालिका उभी आहे. मायाचा आवाज चढत नाही. दरवाजातून आत येताना तिची नजर आधी खोलीभर फिरते. मग ‘मोनिशा बेटा’. त्या ‘बेटा’त खोटं काही नसतं, माया आहेच प्रेमळ. मग किंचित थांबणं. आणि मग उत्तम इंग्रजीची फोडणी दिलेल्या हिंदीत असं वर्णन येतं, की अपमान झाला हे कळायला समोरच्याला दोन क्षण लागावेत. एखादी वस्तू नुसती वाईट आहे म्हणून ती थांबत नाही. ती कुठल्या तऱ्हेची वाईट आहे, कुठे शोभली असती, कोणाला आवडली असती, हे ती तपशिलात सांगते. शिव्याशाप नाहीत, डोळ्यांत पाणी नाही, कट नाही. त्या काळातल्या सासवांना हे सगळं लागत असताना ही बाई विशेषणांवर काम भागवत होती.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘खिचडी’तली हंसा म्हणजे सुप्रिया पाठक, रत्ना पाठक यांची सख्खी बहीण. दीना पाठक यांच्या या दोघी मुलींनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरच्या ‘इधर उधर’मध्ये एकत्र काम केलं होतं. वीस वर्षांनी एकाच निर्मात्याकडे दोघींना दोन टोकं मिळाली. हंसाला साधा इंग्रजी शब्दही अडतो आणि ती नवऱ्याला त्याचा अर्थ विचारत बसते. मायाच्या हातात तीच इंग्रजी शस्त्र होते. दोन्ही विनोद इंग्रजीच्या धाकातून जन्मलेले आहेत, आणि तो धाक आपल्याकडे किती खोल मुरला आहे ते या दोन मालिका शेजारी ठेवल्या की दिसतं.

सतीश शाह यांचा इंद्रवदन हा या घरातला सर्वांत मोठा माणूस आणि सर्वांत द्वाड मुलगा. बायकोला घाबरतो, सुनेशी संगनमत करतो, धाकट्या मुलाच्या खोड्या काढतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या या नटाने १९८३ च्या ‘जाने भी दो यारो’मध्ये कमिशनर डिमेलो रंगवला. त्यात मेल्यानंतरच्या प्रसंगांत तो जिवंतपणापेक्षा जास्त हसवतो. पुढच्याच वर्षी ‘ये जो है जिंदगी’ आली. हिंदीतले विनोदी लेखक शरद जोशी (आपल्या शेतकरी संघटनेचे नव्हेत!) यांचं लेखन, शफी इनामदार आणि स्वरूप संपत हे जोडपं, आणि दर भागात वेगळ्या वेषात, वेगळ्या बोलीत उगवणारे सतीश शाह. अशा पन्नासहून अधिक भूमिका त्यांनी त्या एका मालिकेत केल्या. इंद्रवदनला या सगळ्याचा पाया होता, पण रीत उलटी होती. तिथे आठवड्याला नवा माणूस, इथे दीड वर्ष एकच माणूस. जुनी तालीम दिसते ती त्यांच्या गप्प बसण्यात. माया बोलत असताना कोचावर बसलेल्या इंद्रवदनच्या डोळ्यांकडे पाहावं. पुढची खोडी तिथे शिजत असते.

साहिलच्या वाट्याला सर्वांत अवघड काम आलं आणि त्याचं कौतुक सर्वांत कमी झालं. आई आणि बायको यांच्यामध्ये उभा असलेला, घरातला एकमेव शहाणा माणूस! सुमीत राघवन मराठी प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक होता. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेला, म्हणजे फास्टर फेणेला, १९८७ मध्ये दूरदर्शनवर त्याचाच चेहरा मिळाला होता. पुढे मराठी रंगभूमीवर त्याने हॅम्लेट केला, ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’मध्ये डॉ. श्रीराम लागू उभे केले. साहिलमध्ये मात्र त्याला फारसं काही ‘करायचं’ नव्हतं. दुसऱ्याच्या वाक्याला हशा मिळावा म्हणून आपला चेहरा योग्य वेळी पाडायचा, ही रंगमंचावरची शिस्त त्याने सत्तर भाग पाळली.

रंगमंचाचा उल्लेख उगाच नाही. मालिकेचे बहुतेक प्रसंग दोन दिवाणखान्यांत घडतात. कोणी येतं, कोणी जातं, दार उघडतं तेव्हा नेमका नको तो माणूस उभा असतो. कपाडिया, मजेठिया, भोजानी हे सगळे गुजराती नाटकांतून आलेले. कानाने अधू असलेले मधुसूदनभाई साकारणारे अरविंद वैद्य तर गुजराती रंगभूमीवरचे मुरलेले दिग्दर्शक. ‘हैं?’ एवढ्या एका उद्गारावर त्यांनी प्रवेशच्या प्रवेश तोलले. समोरच्याला तेच वाक्य पुन्हा, आणखी मोठ्याने म्हणावं लागतं, आणि जे कुजबुजायचं होतं ते सगळ्या घराला ऐकू जातं. साध्या प्रहसनाची ही युक्ती. भोजानींनी स्वतःसाठी ठेवलेला दुष्यंतही तसाच. त्याच्यासमोर एखाद्या विजेच्या उपकरणाचं नाव काढायची खोटी, की जावईबापू त्याची अंतर्गत रचना हातवाऱ्यांसकट समजावू लागतात आणि घरातले एकेक जण पळवाट शोधू लागतात.

आणि धाकटा मुलगा रोसेश. राजेश कुमारने त्याला जो आवाज दिला तो नाकातून निघतो की घशातून, हे आजही सांगता येणार नाही. रोसेश नट आहे, कवी आहे, आणि त्याच्या कविता म्हणजे चित्रविचित्र ध्वनींचा आणि घृणास्पद उपमांचा चिखल. पण लेखकाचा सर्वांत धारदार विनोद त्या कवितांत नाही. तो आहे त्या ऐकतानाच्या मायाच्या चेहऱ्यावर. सुनेच्या घरातली प्लास्टिकची पिशवी जिला सहन होत नाही, ती बाई हे ऐकून भारावते! अभिरुचीचा एवढा डंका पिटणाऱ्या मायाला पोटच्या पोराच्या बाबतीत काडीचीही अभिरुची उरत नाही. तिची सगळी मिजास तिथे उघडी पडते, आणि तिथेच ती आवडायला लागते. कारण इतकं आंधळं होणं हे शुद्ध मिडल क्लास आईचं लक्षण आहे.

आता पुन्हा पाहताना सगळंच गोड लागत नाही. रोसेशच्या नाजूक हावभावांवर इंद्रवदन जे टोमणे मारतो, त्यातले बरेच आज घशाखाली उतरत नाहीत. मुलगा ‘पुरेसा पुरुष’ नाही यावरचा हशा तेव्हा स्वस्त होता. काही भाग सरळ भरतीचे आहेत. गैरसमज वाढवत नेऊन शेवटी एकदम आवरते घेतलेले. मोनिशाचा गबाळेपणाही कधीकधी लेखकाच्या सोयीने एवढा ताणला जातो की रुपाली गांगुलीच्या निरागस चेहऱ्यावरच तो प्रसंग तरतो. तिने मोनिशाला बिचारी होऊ दिलं नाही, हे तिचं श्रेय. सासूच्या टोमण्यावर ती खट्टू होते, पण वाकत नाही. पुढच्या सेलला ती पुन्हा रांगेत असतेच.

मालिकेला प्रेक्षक मिळाला तो बंद पडल्यानंतर. पुनःप्रक्षेपणं होत राहिली, मग इंटरनेटवर तुकडे फिरू लागले, आणि जी पिढी २००४ मध्ये शाळेत होती तिने कॉलेजात आणि नोकरीत गेल्यावर मायाची वाक्यं एकमेकांवर फेकायला सुरुवात केली. स्टार वन २०११ मध्ये बंद झाली तरी साराभाई राहिले. २०२० च्या टाळेबंदीत नवं चित्रीकरण थांबलं तेव्हा जुन्या मालिका बाहेर काढल्या गेल्या, त्यात हेही कुटुंब स्टार भारतवर परतलं. आठवड्याला एक भाग हा तेव्हाचा तोटा इथे फायद्याचा ठरला असावा. रोजच्या मालिकेसारखं पाणी घालायची वेळ लेखकावर आली नाही, त्यामुळे कुठलाही भाग कुठूनही लावता येतो.

या नव्या प्रेक्षकाच्या मागणीपोटीच २०१७ मध्ये हॉटस्टारवर दुसरा सीझन आला. तीच मंडळी, आणि तरीही जमलं नाही. पहिल्या वेळी पात्रांना आपण विनोदी आहोत हे ठाऊक नव्हतं. माया मनापासून व्यथित व्हायची, रोसेश मनापासून कविता करायचा. दुसऱ्या वेळी प्रत्येकाला आपल्या लोकप्रिय लकबीची जाणीव होती आणि ती कधी येते याची प्रेक्षकालाही. मधल्या तेरा वर्षांत शहरही बदललं होतं. पोटभाडेकरूच्या खोलीतला मुलगासुद्धा आता चीजचे प्रकार ओळखू लागला होता. मायाने नाक कोणावर मुरडायचं?

पात्रांमागची माणसं मात्र एकमेकांना धरून राहिली. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी सतीश शाह गेले, तेव्हा अंत्यसंस्काराला जमलेल्या सहकाऱ्यांनी मालिकेचं शीर्षकगीत गायलं. एकत्र भेटल्यावर ते गाणं म्हणायचा त्यांचा शिरस्ता होता. सुमीत राघवन २०२१ मध्ये ‘हॅट्स ऑफ’च्याच ‘वागले की दुनिया’त राजेश वागले झाला. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतल्या, १९८८ मध्ये कुंदन शाह यांनी दूरदर्शनवर आणलेल्या वागलेंचा हा मुलगा, म्हणजे कफ परेडचा डॉक्टर थेट मध्यमवर्गात बदलून आला. आणि रडक्या कौटुंबिक मालिकांवर जीव टाकणारी मोनिशा? रुपाली गांगुली २०२० पासून स्टार प्लसवर ‘अनुपमा’ आहे. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, तिचंच मराठी रूप म्हणजे स्टार प्रवाहवरची ‘आई कुठे काय करते’. सून, सासर, अश्रू, त्याग, रोज रात्री एक भाग, आणि टीआरपीत वर्षानुवर्षं वरचा क्रमांक.