घरटे राखायचे तर विष टाळावे

इंग्लंडमधील नॉर्विच कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर २०११ साली बहिरी ससाण्याच्या घरट्यासाठी सोय करण्यात आली. तेथील कॅमेऱ्यातून पिलांचे संगोपन लोक घरबसल्या पाहू शकले. विसाव्या शतकाच्या मध्यास डीडीटीमुळे या पक्ष्याच्या अंड्यांचे कवच पातळ होऊन अंडी उबविण्यापूर्वीच फुटत असत. डीडीटीच्या वापरावर बंदी आल्यानंतर ससाण्यांची संख्या पुन्हा वाढली.

नाशिक जिल्ह्यातील हरसूल परिसरात हाच प्रश्न गिधाडांचा आहे. मृत जनावरे फस्त करून शिवार स्वच्छ ठेवणारा हा पक्षी १९९० च्या दशकात झपाट्याने घटला. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मांसातून पोटात गेल्यास गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. हरसूलजवळ खोरीपाडा येथे वन विभागाने ग्रामस्थांच्या सहकार्याने गिधाडांसाठी खाद्यस्थान उभारले.

ससाण्याची मादी एका वेळी तीन-चार अंडी घालते, गिधाडाची मादी मात्र वर्षाला एकच. म्हणून एक प्रौढ पक्षी दगावला तरी ती हानी भरून येण्यास फार काळ लागतो.

वाचकहो, माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक गुरांना कदापि टोचू नये. ॲसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही २०२३ साली बंदी आली आहे. पशुवैद्यकाकडे गिधाडांना निर्धोक अशा मेलॉक्सिकॅमचा आग्रह धरावा. घातक औषध दिलेले जनावर मेल्यास ते उघड्यावर न टाकता पुरावे. गोठ्यात घेतलेल्या या काळजीवरच कड्यावरील पिलाचे जगणे अवलंबून आहे.