माणग्याच्या काठीला भांडवलाचा टेकू

सिंधुदुर्गात माणग्याचे बेट नाही असे परडे विरळाच. कुंपणाला, मांगराला, केळीच्या आधाराला, सूप-रोवळीला माणगा लागतोच. पण घर बांधायचे म्हटले की आपण चिरा, सिमेंट आणि लोखंडाचाच हिशेब मांडतो. बांबू म्हणजे गरिबाचे लाकूड, अशी आपली समजूत! आज मात्र याच काठीपासून घरे, मंडप आणि फर्निचर तयार करणारे उद्योग निघाले आहेत. त्यांची खरी अडचण आहे ती भांडवलाची. आणि त्या अडचणीची एक किल्ली बेटाच्या मालकाच्या, म्हणजे आपल्याच हातात आहे.

कुडाळची वाट

आपल्या जिल्ह्यात याची सुरुवात जुनी आहे. कुडाळ येथे २००४ साली कोकण बांबू व वेत विकास केंद्र, म्हणजेच ‘कॉनबॅक’, सुरू झाले. बांबूवर प्रक्रिया करून बांधकाम व फर्निचर करण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. माणगा त्यासाठी सोयीचा. त्याला काटे नसतात, काठी सरळ वाढते आणि जवळजवळ भरीव असते.

बांबूचा शत्रू म्हणजे त्याच्यातले पिष्ट. त्यावर किडा येतो आणि काठीचा भुसा पडतो. पूर्वी आपले वाडवडील काठ्या वहाळात भिजत घालीत, त्यामागचे कारण हेच. आता बोरिक आम्ल व बोरॅक्सच्या द्रावणाने काठी टिकाऊ करतात. मात्र हे द्रावण पावसाने धुऊन जाते. म्हणून घराचे जोते उंच आणि पावळी रुंद हवी. कोकणच्या पावसात हे विसरून चालणार नाही.

पैसा का अडतो?

भांडवल दोन प्रकारचे असते. बँकेचे कर्ज, ते व्याजासह फेडायचे. दुसरे गुंतवणूकदाराचे; तो धंद्यात भागीदार होतो आणि नफ्यावर डोळा ठेवतो. त्याच्या दारात शहरातले अनेक नवे धंदे रांगेत उभे असतात. मोबाइलवर चालणारा धंदा वर्षभरात दहा शहरांत पसरू शकतो. बांबूचे तसे नाही. नव्या बेटाला पहिली तोड द्यायलाच चार-पाच वर्षे लागतात.

शिवाय पैसे लावणारा तीन प्रश्न विचारतो. माल दरवर्षी मिळेल का? तो एकसारखा असेल का? घेणार कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता बरे आहे. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे वनाबाहेरच्या बांबूवरची बंधने सुटली. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे. सिमेंटमुळे जगातील सुमारे ७ ते ८ टक्के कार्बन वायू हवेत जातो, म्हणून पर्यायी साहित्याकडे जगाचे लक्ष वळले आहे. पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कारखान्यात नाहीत. ती बेटात आहेत.

आपण काय करावे?

दरवर्षी नव्या काठीवर रंगाने सालाची खूण करावी. तीन वर्षे पुरी झालेलीच काठी तोडावी. कोवळी काठी आकसते आणि लवकर किडते. पावसाळ्यात कोंब फुटतात, तेव्हा तोड करू नये. ती पावसाळा संपल्यावर करावी. जमिनीलगतच्या पेराच्या अगदी वर काप घ्यावा, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. सगळे बेट एकदम उक्ते देऊ नये. घरच्या कुणीतरी किती काठ्या गेल्या, काय भाव आला, हे वहीत लिहावे. घरातल्या मुलीने अशी वही राखली तर ती बँकेपुढे ठेवता येईल.

एकट्याच्या वहीपेक्षा पन्नास घरांच्या वह्यांना वजन अधिक. दहा उत्पादक एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढू शकतात. तिची एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिचे भागधारक उत्पादकच असतात, बाहेरच्या गुंतवणूकदाराला तिथे भाग घेता येत नाही. त्यामुळे मोठा पैसा सहज येत नाही, पण मालकीही गावाबाहेर जात नाही. २०२० च्या केंद्र सरकारच्या योजनेत अशा कंपनीला सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, एकूण १५ लाखांच्या मर्यादेत, भागभांडवलाइतकेच अनुदान देण्याची तरतूद झाली.

म्हणजे काम वाटून घेता येईल. काठी तोडणे, निवडणे आणि साठवणे शेतकऱ्यांच्या कंपनीने करावे. यंत्रे, प्रक्रिया व विक्री उद्योजकाने पाहावी, आणि गुंतवणूकदार त्याने शोधावा. दोघांमध्ये भावाचा आणि मालाच्या प्रतीचा लेखी करार असावा. असा करार हाती असलेला उद्योजक भांडवलाच्या रांगेत चार पावले पुढे उभा राहतो.

नाहीतर काय होईल? काठी आज जाते तशीच ट्रकने घाटावर जाईल. तिची किंमत वाढेल ती तिथे, आणि आपली मुले कामासाठी तिच्याच मागे जातील. बेट आपल्या परड्यात आहे. त्याची वही कधी उघडायची, ते या तोडीच्या हंगामाआधी ठरवा!